ग्रीक आणि सर्ब : दोस्ती खरी किती, सांगायची किती?

अनवट_वाटा

मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे, पण डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतोय.

गेल्या मे महिन्यात ग्रीसच्या कॉर्फू बेटावर चार दिवस होतो. बायकोला समुद्र हवा होता, मला जुने किल्ले. तिसऱ्या दिवशी जुन्या बंदरातून समोरच्या विदो बेटाची छोटी बोट पकडली. कारण एवढंच की तिथे गर्दी नसते असं हॉटेलवाला म्हणाला होता. बोटीत आम्ही दोघं सोडून बाकी सगळे सर्ब. त्यातल्या एका आजींच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत फुलं, देठांना ओला कागद गुंडाळलेला. बेट जवळ आलं तशी त्यांनी ती एकेक करून पाण्यात सोडली. कोणी काही बोललं नाही. बोटवाला पंचविशीचा ग्रीक पोरगा, तोवर मोबाइलवर गाणी लावून बसला होता. त्याने गाणं बंद केलं. मला वाटलं, आजींचं कोणीतरी इथे बुडालं असावं.

तसं म्हटलं तर बुडालंच होतं. १९१५ च्या शरदात ऑस्ट्रिया-हंगेरी आणि जर्मनी उत्तरेकडून आणि बल्गेरिया पूर्वेकडून सर्बियावर तुटून पडले. शरण जायचं नाही म्हणून अख्खं सैन्य, सोबत सरकार आणि हजारो साधी माणसं, ऐन हिवाळ्यात अल्बानियाचे डोंगर ओलांडून समुद्राकडे निघाली. ७१ वर्षांचा राजा पीटर पहिला बैलगाडीत, तर आजारी सरसेनापती पुतनिक यांना सैनिकांनी खुर्चीत बसवून उचललेलं. वाटेत थंडीने आणि भुकेने किती मेले त्याची गणतीच नाही. जे किनाऱ्याला लागले त्यांना जानेवारी १९१६ पासून दोस्तराष्ट्रांच्या जहाजांनी कॉर्फूला आणलं. दीड लाखाच्या आसपास माणसं.

अगदी खंगलेल्यांना वेगळं काढून विदोवर ठेवलं. तिथे रोज इतके मरायला लागले की त्या खडकाळ बेटावर पुरायला जागा उरली नाही. मग प्रेतं होडीतून नेऊन समुद्रात सोडायची. अशी पाच हजारांहून जास्त. मिलुतिन बोयिच नावाच्या तरुण सर्ब कवीने यावर ‘निळी कबर’ अशा अर्थाची कविता लिहिली आणि त्या पाण्याला तेच नाव पडलं. तो स्वतः १९१७ मध्ये थेस्सालोनिकीला क्षयाने गेला, वय २५. कॉर्फूच्या कोळ्यांनी पुढे कित्येक वर्षं त्या पाण्यात जाळं टाकलं नाही, असं तिथे सांगतात.

परतल्यावर वाचत गेलो तर जो तो लिहितो, ग्रीक आणि सर्ब म्हणजे सख्खे भाऊ. हे खरंच असं आहे, की दोन्हीकडची भाषणं ऐकून आपणही माना डोलावतोय? इथे जाणकार आहेत, म्हणून विचारतो.

---

मुक्ताफळे

सुरेख लिहिलंय. वाचनखूण साठवली. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

---

शंकेखोर

लेख आवडला, पण या दोस्तीच्या गोष्टीत एक पान नेहमी गाळलं जातं. ते आधी वाचू.

जून १९१३ मध्ये ग्रीस आणि सर्बियाचा लष्करी करार झाला. बल्गेरियाने एकावर हल्ला केला तर दुसऱ्याने मदतीला धावायचं. ऑक्टोबर १९१५ मध्ये नेमका तोच हल्ला झाला. ग्रीस धावला का? नाही. ग्रीक राजा कॉन्स्टंटाइन, ज्याची राणी जर्मन कैसरची सख्खी बहीण, म्हणाला की करार बाल्कनपुरता होता, महायुद्धासाठी नव्हता. शिवाय करारानुसार सर्बियाने बल्गेरियासमोर दीड लाख सैन्य उभं करायला हवं होतं, ते त्यांच्याकडे उरलंच नव्हतं. कागदावर बोट ठेवून हात झटकले. पंतप्रधान वेनिझेलोस मदत करायच्या बाजूचे होते. तेवढं दीड लाख सैन्य दोस्तराष्ट्रांनी थेस्सालोनिकीला उतरवावं अशी तोड त्यांनी काढली, तर ज्या दिवशी ते सैन्य उतरू लागलं त्याच दिवशी राजाने त्यांना राजीनामा द्यायला लावला.

आणि तुमचं कॉर्फू. सर्ब सैन्य तिथे ग्रीक सरकारने बोलावलं म्हणून आलेलं नाही. फ्रेंचांनी जानेवारी १९१६ मध्ये न विचारता बेट ताब्यात घेतलं. कॉर्फू १८६४ च्या तहाने तटस्थ होतं, म्हणून अथेन्सने रीतसर निषेधही नोंदवला. म्हणजे ज्या आसऱ्याचे गोडवे गायले जातात, तो देताना यजमानाची संमतीच नव्हती.

---

अनवट_वाटा

@शंकेखोर, हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद, आणि थोडा राग पण.

तरी एक म्हणतो. निषेध अथेन्सने केला. दारात दीड लाख टायफसवाली, उवांनी भरलेली माणसं आली ती कॉर्फूच्या लोकांच्या. त्यांनी दारं लावून घेतली असती तर कोण काय बोललं असतं? तसं झालं नाही. सर्ब संसद शहराच्या नाट्यगृहात भरू लागली, सर्ब वर्तमानपत्र तिथे छापलं जाऊ लागलं. पुढे युगोस्लाव्हिया म्हणून ओळखल्या गेलेल्या देशाचा आराखडा जुलै १९१७ मध्ये ज्या जाहीरनाम्याने मांडला, तोही कॉर्फूचाच. गावातल्या एका इमारतीत या सगळ्याचं छोटं संग्रहालय आहे, तिथे गेलो होतो. एका कपाटात सैनिकाचे बूट ठेवलेत, तळवा निम्मा गायब. बाकी वस्तूंपेक्षा तेवढेच डोळ्यांपुढे राहिलेत.

---

जुनापुराणा

मंडळी, तुम्ही १९१३ पासून सुरू केलंत, मी सहा-सातशे वर्षं मागे नेतो. सवय आहे.

ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरचा हिलांदार मठ म्हणजे सर्बांचं काशी-पंढरपूर एकत्र समजा. ११९८ मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाने ही जागा सर्ब राजा स्तेफान नेमान्या आणि त्याचा मुलगा सावा यांना सनद देऊन दिली. बाप-लेक दोघंही राज्य सोडून संन्यासी झाले होते. सर्ब धर्मजीवनाचा पाया ग्रीकांच्या भूमीवर घातला गेला तो असा. मठ आजही सर्ब भिक्षूंकडेच आहे. २००४ च्या आगीत बराच भाग जळाला, आता बराचसा पुन्हा उभा केलाय.

पण त्यानंतर दीडशे वर्षांत त्याच सर्बांचा दुशान राजा ग्रीकांचा मॅसेडोनिया गिळून बसला, १३४६ मध्ये स्कोपियेला स्वतःला ‘सर्ब आणि रोमन लोकांचा सम्राट’ म्हणवून अभिषेक करून घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत एपिरस, थेसलीही घेतले. रोमन म्हणजे ग्रीकच, बायझंटाइन लोक स्वतःला तसंच म्हणत. आता याला मैत्री म्हणायचं का चढाई, तुम्हीच ठरवा.

सगळ्यात मजेशीर १४५३, तुर्कांनी बायझंटाइन राजधानी घेतली ते साल. कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर लढता लढता मेला तो शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाइन अकरावा. त्याची आई हेलेना द्रागाश सर्ब होती आणि तो आईचंच आडनाव लावायचा. त्याच शहराच्या तटाच्या डागडुजीला काही वर्षांपूर्वी सर्ब अधिपती जुराज ब्रांकोविचने पैसे दिले होते. आणि वेढ्याच्या वेळी त्याच ब्रांकोविचला मांडलिक म्हणून सुलतानाच्या बाजूने स्वार पाठवावे लागले. आपल्याकडे शाही दरबारात चाकरी करत घरच्यांशी सलोखा राखणारे सरदार कमी नव्हते, त्यामुळे मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये.

---

खवचट_काका

थोडक्यात, भाऊबंदकी. सख्खे भाऊ हे बरोबरच आहे म्हणजे.

---

दर्यासारंग_७४

@खवचट_काका 😄

मी इतिहासवाला नाही. तीस वर्षं जहाजांवर, त्यातली बरीचशी ग्रीक मालकांच्या. एका जहाजावर सेकंड इंजिनियर सर्ब होता, कॅप्टन ग्रीक. दोघांची पहिल्याच दिवशी जुंपली ती कॉफीवरून. छोट्या दांड्याच्या भांड्यात उकळवलेली, तळाशी गाळ राहणारी कॉफी. कॅप्टनच्या लेखी ती ‘ग्रीक’. सर्ब म्हणाला, आमच्याकडे तिला ‘घरची’ म्हणतात, आणि आजोबा तिला तुर्की म्हणायचे. कॅप्टनने ‘तुर्की’ हा शब्द मेसमध्ये पुन्हा काढायचा नाही अशी तंबी दिली. पुढचे सहा महिने दोघं रोज संध्याकाळी एकत्र बसून तीच कॉफी प्यायचे.

त्यांच्या गप्पांत निम्मे शब्द मला ओळखीचे. सर्बाचं दुकान ‘दुचान’, बक्षीस ‘बाक्शिश’, साखर ‘शेचेर’, आणि ग्रीकाची साखर ‘झाखरी’. म्हटलं, शर्करा आमची, तुम्ही दोघं उसनवारीवर.

आणि बास्केटबॉल! त्यावर धागा निघाला नाही याचं नवल वाटतं. अथेन्सच्या पानाथिनाइकोसला झेल्को ओब्रादोविच या सर्ब प्रशिक्षकाने १९९९ ते २०१२ मध्ये पाच वेळा युरोलीग जिंकून दिली. कट्टर प्रतिस्पर्धी ओलिंपियाकोसच्या १९९७ आणि २०१२ च्या युरोलीगमागे दुशान इव्कोविच, तोही सर्बच. फुटबॉलमध्ये ओलिंपियाकोसचे आणि बेलग्रेडच्या रेड स्टारचे चाहते स्वतःला ‘ऑर्थोडॉक्स भाऊ’ म्हणवतात (ऑर्थोडॉक्स म्हणजे दोघांचा ख्रिस्ती पंथ). आमचा सेकंड बेलग्रेडच्याच पार्टिझान क्लबवाला, त्याचं जमायचं थेस्सालोनिकीच्या पाओकवाल्यांशी. म्हणजे मैत्रीतही दोन तट, आणि ते तट एकमेकांची डोकी फोडायला तयार.

---

शंकेखोर

@दर्यासारंग_७४, मजा आली. पण ‘ऑर्थोडॉक्स भाऊ’ हा शब्द इतका हलका नाही, म्हणून कडू बोलतो.

युगोस्लाव्हिया फुटल्यावर झालेल्या बोस्नियाच्या युद्धात शंभरेक ग्रीक स्वयंसेवक बोस्नियन सर्बांच्या बाजूने लढायला गेले होते. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले. शहर पडलं तेव्हा तिथे ग्रीक झेंडाही फडकवला गेला, नेदरलँड्सच्या २००२ च्या चौकशी अहवालातही त्याचा उल्लेख आहे. आणि त्याआधी १९९३ मध्ये अथेन्सजवळच्या पिरेयसच्या स्टेडियममध्ये बोस्नियन सर्बांचा नेता रादोवान कराजिच याचं जंगी स्वागत झालं होतं. हाच माणूस पुढे नरसंहारासाठी दोषी ठरला.

धर्म एक म्हणून भाऊ, मग भावाने काहीही केलं तरी डोळे मिटायचे, हे मला मान्य नाही.

---

रोखठोक_सातारा

झालं, आला राजकारणाचा खडा दुधात. चांगल्या धाग्याची वाट लावायची सवयच आहे काहींना. १९९९ मध्ये कोसोव्होवरून नाटोने सर्बियावर ७८ दिवस बाँब टाकले ते नाही दिसलं?

---

सावाकाठची

@रोखठोक_सातारा, भांडू नका, मी लिहिते. लग्नानंतर नऊ वर्षं बेलग्रेडला आहे, त्यामुळे दोन्ही बाजू घरातच ऐकते.

१९९९ चं माझ्या सासूबाई अजून सांगतात. नाटोचा सदस्य असूनही ग्रीसने हल्ल्यात विमानं पाठवली नाहीत. तिथली बहुतेक सगळी जनता बाँबफेकीच्या विरोधात होती. सरकारने मात्र सैन्य उतरवायला थेस्सालोनिकीचं बंदर वापरू दिलं, तर ते ताफे वाट चुकावेत म्हणून निदर्शकांनी रस्त्यांवरचे दिशाफलक बदलून ठेवले. सासूबाई हसत हसत सांगतात, पण त्या वसंतात त्यांनी तळघरात काढलेल्या रात्रींबद्दल विचारलं की गप्प होतात. ग्रीसने आजही सर्बियातून फुटलेल्या कोसोव्होला मान्यता दिलेली नाही, हे इथल्या रिक्षावाल्यालासुद्धा पाठ आहे (रिक्षा नाहीत हो इथे, टॅक्सी).

@शंकेखोर यांचं म्हणणंही खोटं नाही. माझ्या नवऱ्याच्या मित्रांत दोघे असे आहेत की स्रेब्रेनिकाचं नाव काढलं तर विषय बदलतात, आणि एकजण असा की तो बदलू देत नाही.

आणि रुसवेफुगवेही कमी नाहीत. १९९६ मध्ये बेलग्रेडने शेजारच्या मॅसेडोनियाला त्याच नावाने मान्यता दिली, हे नाव आपल्या प्रांताचं मानणाऱ्या ग्रीकांना ते चांगलंच झोंबलं होतं. त्याआधी ग्रीक यादवी युद्धात युगोस्लाव्हियाने कम्युनिस्टांना मदत केली. उत्तर सर्बियात, वोय्वोदिनातल्या बुल्केस नावाच्या गावात ग्रीक कम्युनिस्ट निर्वासितांची वसाहतच होती, स्वतःचं चलन चालवणारी. मग स्टालिनशी बिनसल्यावर युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा टिटोने १९४९ मध्ये सीमा बंद केली आणि त्याच लोकांना वाऱ्यावर सोडलं.

रोजच्या जगण्यातलं सांगायचं तर सर्बांसाठी ग्रीस म्हणजे उन्हाळा. फेब्रुवारीपासून ऑफिसात एकच चौकशी, यंदा कुठे, हाल्किदिकी की थासोस? गाडीच्या डिकीत ग्रिल, पाण्याच्या बाटल्या, आजीने दिलेला आयवार, म्हणजे भाजलेल्या लाल ढोबळी मिरच्यांची चटणी, भरून निघायचं. निश, स्कोपिये आणि मग एव्झोनीची सीमा. तिथे जुलैत दोन-तीन तास रांगेत भाजून घ्यायचं. येताना डिकीत पाच लिटरचे ऑलिव्ह तेलाचे डबे. ‘ग्रीकांनी यंदा लुटलं’ अशी तक्रार करत पुढच्या वर्षीचं बुकिंग करायचं. आपल्याकडे गोव्याबद्दल नाही का बोलत लोक!

---

रोखठोक_सातारा

ठीक आहे ताई. शब्द मागे घेतो. डब्यांचा फोटो असेल तर टाका.

---

पानवेल

एक शंका. धर्म एकच म्हणता, मग नाताळही एकाच दिवशी असेल ना?

---

जुनापुराणा

@पानवेल, नाही! ग्रीक चर्चने १९२४ पासून सुधारित पंचांग धरलं, त्यांचा नाताळ २५ डिसेंबरला. सर्ब चर्च जुन्या पंचांगावर, म्हणून ७ जानेवारी. गंमत म्हणजे अथोस पर्वत ग्रीसमध्ये असून जुन्याच पंचांगावर चालतो. ईस्टर मात्र दोघांचं एकत्र.

जाता जाता बेलग्रेडचं एक राहिलं. रिगास फेरायोस, ग्रीक स्वातंत्र्याचा पहिला हाकारा. त्याने जे राज्य कल्पिलं त्यात ग्रीक, सर्ब, बल्गार, अल्बानियन सगळेच होते. त्याला ऑस्ट्रियाने त्रिएस्तला पकडलं, बेलग्रेडच्या तुर्की अधिकाऱ्यांच्या हवाली केलं आणि त्यांनी जून १७९८ मध्ये डॅन्यूबकाठच्या नेबोयशा बुरुजात सात साथीदारांसह गळा आवळून मारलं. प्रेतं नदीत. बुरुज आता संग्रहालय आहे.

आणि १८१७ मध्ये सर्ब उठावाचा नेता काराजोर्जे ग्रीकांच्या ‘फिलिकी एतेरिया’ या गुप्त संघटनेत सामील झाला, दोन्हीकडे एकदम उठाव करू म्हणून सर्बियात चोरून परतला. त्याच उन्हाळ्यात मिलोश ओब्रेनोविच या सर्ब पुढाऱ्यानेच त्याला ठार करवलं आणि मुंडकं सुलतानाकडे धाडलं. धाग्यात बैलगाडीतून निघालेला म्हातारा राजा पीटर आहे ना, तो या काराजोर्जेचा नातू. आजोबा ग्रीकांसोबत मिळून लढायचं स्वप्न बघत मेला, आणि नातू शंभर वर्षांनी सैन्य घेऊन ग्रीसच्या दारात.

---

सावाकाठची

नेबोयशा बुरुजावर रविवारी मुलांना घेऊन जातो आम्ही. रिगासचा मजला आहे आत. तो बुरुज ग्रीकांच्या मदतीने दुरुस्त झालाय, हे तिथल्या फलकावर वाचलं होतं. गावात त्याच्या नावाचा रस्ताही आहे, माझ्या दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना तिथेच!

---

दर्यासारंग_७४

थेस्सालोनिकीला कोणी गेलंय का? मी बंदरात दोनदा गेलो, पण गावात पाऊल टाकायला सवड मिळाली नाही.

---

अनवट_वाटा

@दर्यासारंग_७४, कॉर्फूनंतर तिथेच गेलो होतो. सर्ब त्याला ‘सोलुन’ म्हणतात. लंगादा रस्त्यावर झेइतिनलिकची युद्धदफनभूमी आहे, फ्रेंच, सर्ब, इटालियन, ब्रिटिश, रशियन शेजारी शेजारी. सर्ब भागात सात-आठ हजार सैनिक. कॉर्फूला जीव धरलेलं सैन्य पुढे थेस्सालोनिकीच्या उत्तरेच्या आघाडीवर आणलं गेलं. सप्टेंबर १९१६ मध्ये २,५०० मीटरच्या कायमाकचालान शिखरावर त्यांनी बल्गारांना मागे रेटलं, आणि सप्टेंबर १९१८ मध्ये दोब्रो पोल्येला आघाडी फोडून ते घरी परतले. जे परतले नाहीत ते इथे.

या जागेची राखण एकाच कुटुंबाने तीन पिढ्या केली. आजोबा सावो मिहाइलोविच, मग त्यांचा मुलगा, मग नातू जोर्जे. जोर्जे १९२८ मध्ये इथेच जन्मले, डोक्यावर सर्ब सैनिकी टोपी घालून येणाऱ्याला कबरी दाखवत, कविता म्हणून दाखवत. २०२३ मध्ये गेले. मला उशीर झाला.

आणि खास आपल्यासाठी. शहराच्या पश्चिमेला जुन्या मोनास्तिर रस्त्यावर भारतीय सैनिकांची स्मशानभूमी आहे. ज्यांना दहन दिलं त्यांची नावं दगडावर. बऱ्याच नावांपुढे ‘ड्रायव्हर’ असा हुद्दा होता. मोटारीचे नव्हेत, खेचरांच्या गाड्यांचे. सर्बांच्या त्याच आघाडीची रसद या गाड्या वाहायच्या. टॅक्सीवाल्याला जागा माहीत नव्हती, दोनदा चुकलो. आत आमच्याखेरीज कोणी नव्हतं.

---

दर्यासारंग_७४

खेचरांच्या गाड्या... हे कुठे वाचलं नव्हतं. पुढच्या फेरीला नक्की उतरतो.

---

सावाकाठची

@अनवट_वाटा, एक विचारायचं राहून गेलं. बोटीतल्या त्या आजींनी किती फुलं सोडली? इथे गेलेल्या माणसाला फुलं नेहमी सम संख्येत वाहतात. जिवंत माणसाला द्यायची ती विषम. माझ्याकडून पहिल्याच वर्षी चूक झाली होती, सासूबाईंच्या वाढदिवसाला बारा गुलाब नेले होते. दारातच एक काढून घेतलं त्यांनी.

---

अनवट_वाटा

मी मोजली नव्हती. आत्ता बायकोला विचारलं. ती म्हणते, शेवटी एक उरलं होतं, ते आजींनी उतरताना त्या बोटवाल्या पोराच्या हातात दिलं. त्याने ते कानामागे खोचलं आणि गाणं परत लावलं.